११ वर्षांच्या पोरीसाठी फोस्टर केअर की बालगृहच बरं? नागपूरकरांनो, अनुभव असेल तर सांगा

मनीषनगरची_ताई

नमस्कार मंडळी. एरवी इथं नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी आणि नवरा दोघंही पन्नाशीला टेकलोय. मुलगा पुण्यात नोकरीला, तो आता काही परत नागपूरला येत नाही, घर मोकळं झालं. तीन वर्षांपासून मी दर रविवारी एका बालगृहात मुलींना गणित शिकवायला जाते. तिथं एक पोरगी आहे, ११ वर्षांची. वडील नाहीत. आईला मानसिक आजार आहे, बरी असली की भेटायला येते आणि नसली की सहा सहा महिने पत्ता नसतो. आजी आहे (गावाचं नाव काढले आहे), ती थकलेली. चार वर्षांपासून पोरगी संस्थेतच आहे.

आता खरं सांगायचं तं संस्था वाईट नाहीये. जेवण बरं, शाळा बरी, मोठ्या मुली लहान्यांच्या वेण्या घालून देतात, मॅडम कडक आहेत पण पोरी आजारी पडल्या की रात्रभर उशाशी बसतात. म्हणूनच तर माझा गोंधळ होऊन राहिला, वाईट असती तर एवढा विचार केलाच नसता.

पण यंदा तान्ह्या पोळ्याला काय झालं, कोणीतरी संस्थेला एक लाकडी बैल दिला, चांगला मोठा, चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. बैल एक आणि पोरी चाळीस. मग ठरलं की गेटपासून कडुनिंबापर्यंत एकीनं ओढायचा आणि दुसरीच्या हातात दोरी द्यायची. हिची पाळी आली तर ही दोरी धरून नुसती उभी. मी म्हटलं अगं ओढ ना. तर म्हणते, "ओढला की संपते न काकू."

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, हिला आपण घरी आणू या.

दत्तक होत नाही हे कळलं कारण आई आहे. कोणीतरी फोस्टर केअर म्हणजे प्रतिपालकत्व, दत्तक न घेता लेकरू घरी सांभाळायचं, असं सांगितलं. पण ते नेमकं कसं चालते, आई बरी झाली तर पोरगी परत जाते का, आणि जी पोरगी तिथं बरी रुळली आहे तिला तिथून काढणं हे तिच्या भल्याचं आहे की माझ्या रिकाम्या घराच्या? सासूबाई म्हणतात, "लोकाचं लेकरू आणशील, उद्या त्याची माय घेऊन गेली की तुलेच दवाखान्यात न्यावं लागन." कोणी अनुभवलं असेल तं सांगा प्लीज.

मॉडरेटर

ताई, तुमच्या पोस्टमधून आजीच्या गावाचं नाव आणि मुलीची शाळा काढली आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख पटेल असं काहीही जाहीर लिहिता येत नाही. बाकीच्यांनीही नावं, फोटो टाळा.

काटोलरोडची_काकू

ताई मी तुमच्या दोन वर्षं पुढं आहे. आमच्याकडे मुलगा आहे, आला तेव्हा ९ चा, आता ११ चा. त्याचीही आई आहे, म्हणून दत्तक नाही, फोस्टरच.

कोणी सांगत नाही ते आधी सांगते. पहिले तीन महिने पोरगा इतका शहाण्यासारखा वागला की मला तेच खटकायला लागलं. ताट स्वतः घासायचा, पाच वाजता उठून अंथरुणाची घडी, आंघोळीच्या साबणावर टाचणीनं स्वतःच्या नावाचं अक्षर कोरलेलं, आणि चपला रात्री खाटेखाली, अगदी हाताशी. दाराशी ठेवल्या तर कोणी नेईल म्हणून. मी म्हटलं घरात आपण तिघंच आहोत बेटा, कोण नेणार? हौ म्हणायचा आणि रात्री पुन्हा खाटेखाली.

बर्डीवर कपडे घ्यायला नेलं तर अर्धा पाऊण तास एकही शर्ट निवडता आला नाही त्याला. दुकानदार वैतागला. शेवटी काय घेतलं माहिती आहे? संस्थेच्या गणवेशाचा जो निळा, अगदी तोच निळा. आयुष्यात कोणी विचारलंच नव्हतं न की तुला कोणता पाहिजे.

चौथ्या महिन्यात एक दिवस भाजी आवडली नाही म्हणून स्टीलचा ग्लास भिंतीवर मारला. आमचे हे घाबरले, म्हणे जमत नाही वाटते. समुपदेशक बाईंना फोन केला तर त्या हसल्या, म्हणाल्या आता तुमचं घर त्याला आपलं वाटायला लागलं, पाहुणा ग्लास फेकत नाही. टवका अजून आहे भिंतीवर, दिवाळीत रंग दिला तेव्हा ह्यांनी मुद्दाम तेवढी जागा सोडायला लावली.

आईचं म्हणाल तर महिन्यातून एकदा भेट ठरली आहे. पहिल्या दोन भेटींनंतर तो रात्री झोपलाच नाही, मलाही कसंतरी व्हायचं, खोटं कशाला बोलू. पण एक नियम केला, घरात त्याच्या आईबद्दल एक शब्दही वाकडा नाही, पाहुण्यांकडूनही नाही. आता भेटीला जाताना तिच्यासाठी तर्री पोहा बांधून नेतो, घरी केलेला नाही हं, त्याच्या आवडीच्या ठेल्यावरचा.

स्पष्ट_बोलतो_धंतोली

काकू तुमचं छान चाललं, अभिनंदन. पण सगळे तुमच्यासारखे नसतात. मी अशा दोन केस स्वतः पाहिल्या, पोरगी "घरच्यासारखी" म्हणून आणली आणि वर्षभरात ती भांडी घासून राहिली, घरची मुलं ट्युशनला आणि ही पोळ्या लाटायला. ११-१२ वर्षांच्या पोरीच मागतात लोक, तान्ह्या बाळाला कोणी मागत नाही फोस्टरला, का बरं? ताई तुमच्यावर शंका नाही, पण संस्थेत निदान चाळीस डोळे असतात. घराचं दार बंद झालं की आत कोण पाहणार?

एमएसडब्ल्यू_करून_घरी

दादा तुम्ही जी केस सांगितली ती फोस्टर केअर नाहीच, ते सरळ बालमजुरी आहे, १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करायला पाहिजे होता. बालकल्याण समिती, म्हणजे अशा लेकरांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती, तिच्या आदेशाशिवाय कोणाकडे लेकरू ठेवलं तर त्याला फोस्टर म्हणतच नाहीत. आदेश झाला की समितीनं दर महिन्याला त्या घराची पाहणी करायची हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ मध्येच लिहिलं आहे. आता पाहणी दर महिन्याला खरंच होते का हा वेगळा विषय, माणसं कमी आहेत सगळीकडे, पण ताई, तुमच्याकडे कोणी आलं नाही तर तुम्हीच फोन करून बोलवा, त्यात कमीपणा नाही. आणि तान्ही बाळं मागत नाहीत असं नाही दादा, केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत फोस्टर मुख्यतः सहा वर्षांवरच्या मुलांसाठीच ठेवलंय, लहान्यांसाठी आधी दत्तकाचा विचार होतो.

"रुळली आहे तर कशाला काढायची" याबद्दल. रोमानियात, बुखारेस्टमध्ये, २००० च्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला. तिथल्या अनाथालयांतली १३६ लहान लेकरं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्या तशी निम्मी फोस्टर घरांत दिली, निम्मी होती तशी. कित्येक वर्षं त्यांच्या मागं राहिले अभ्यासक. घरात गेलेली पोरं बुद्धीनं, बोलण्यानं, माणसाला जीव लावण्यात पुढं निघाली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली ती जास्तच सावरली. आपला कायदाही संस्था हा शेवटचा उपाय असंच म्हणतो.

बुटीबोरीचा_फिटर

मी सहसा या विषयावर लिहित नाही. पण आता लिहूनच टाकतो.

मी संस्थेत वाढलो, ६ ते १८. विदर्भातलीच संस्था, नाव राहू द्या. मॅडम तुमचा रोमानिया वाचला, पण ती बाळं होती न, एकेका बाईकडं बारा पंधरा पाळणे. आमचं तसं नव्हतं. आमच्याकडं एक काका होते, अधीक्षक वगैरे नाही हो, स्वयंपाकी. बारा वर्षांत अधीक्षक पाच बदलले, काका तेच. दहावीला मी गणितात नापास झालो तेव्हा सगळ्यांनी भाषणं दिली, काकांनी काय केलं, रात्री पोट्टे झोपल्यावर मला किचनात बोलावलं, कणकेची परात पुढ्यात सरकवली आणि म्हणे मळ. मळता मळता रडलो मी. ऑक्टोबरला पास झालो. आज आयटीआय करून फिटर आहे, पर्मनंट आहे, लग्न झालं, काका लग्नात माझ्या बाजूनं उभे होते.

मले जर ८ व्या वर्षी कोणाच्या घरी नेलं असतं तर बरं झालं असतं का? माहीत नाही. दोन घरं बदलून तिसऱ्यात गेलो असतो तर नक्कीच नसतं झालं. म्हणून ताई तुम्हाले एकच विचारतो, आणाल तर ठेवाल न? बोर्डात नापास झाली, शेजारच्या पोट्ट्यासोबत पळाली, तरी ठेवाल न? असं असेल तर आणा.

आणि दात्यांबद्दल बोलू का. वाढदिवसाला येतात लोकं, केक कापतात, समोसे वाटतात, आम्ही ओळीत बसून हॅप्पी बर्थडे म्हणायचं, दर दोन दिवसाआड कोणाच्या तरी पोराचा बर्थडे, आमचा स्वतःचा दाखल्यावर सगळ्यांचा १ जून. त्यापेक्षा ताईंसारखं दर रविवारी तीन वर्षं गणित शिकवायला येणारं माणूस आम्हाले एक भेटलं असतं तं आणखी दोघं चौघं पास झाले असते.

खरी मार १८ ला बसते. वाढदिवस झाला आणि महिनाभरात मी एक पेटी, दोन जोडी कपडे आणि टीसी घेऊन बाहेर. एटीएम कसं वापरतात माहीत नाही, कांदे पाव किलोला किती लागतात माहीत नाही, कारण आमच्याकडं कांदे पोत्यानं यायचे. पहिल्या महिन्याचा पगार अकराव्या दिवशी संपला. रूम मालक विचारे वडील काय करतात.

एमएसडब्ल्यू_करून_घरी

दादा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी पुस्तकातलं बोलले. पुस्तकात तुमचे काका नव्हते.

बाकीच्यांसाठी लिहिते, १८ नंतरही सोय आहे कायद्यात, अनुरक्षणगृह म्हणतात, २१ पर्यंत राहता येते आणि खास कारण असेल तर २३ पर्यंत. कलम ४६. पण मुलांना कोणी सांगतच नाही, आणि मुलींसाठी जागा तर फार कमी. आणि आपल्या राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, ते ज्यांच्यामुळं आलं त्या अमृता करवंदे स्वतः संस्थेत वाढलेल्या, १८ ला बाहेर पडून स्टेशनवर रात्र काढलेल्या. अनाथ प्रमाणपत्र १८ च्या आधीच, संस्थेत असतानाच काढून घ्या, नंतर कागद जमवताना जीव जातो. ताई, तुमच्या पोरीला मात्र आई असल्यामुळं ते लागू होणार नाही, उगीच आशा नको.

बुटीबोरीचा_फिटर

हौ. आणि आपल्या अमरावतीकडचे शंकरबाबा पापळकर, परतवाड्याजवळ वझ्झरला, त्यांचं हेच तर म्हणणं आहे इतकी वर्षं. मतिमंद, अंध, मूकबधिर लेकरू १८ चं झालं म्हणून जाईल कुठं? त्यांनी पोरांना स्वतःचं नाव लावलं, मोठी झाली तरी ठेवून घेतलं. २०२४ ला पद्मश्री मिळाली बाबांना, आणि त्याच वर्षी त्यांची माला, जळगाव स्टेशनवर सापडलेली अंध पोरगी, एमपीएससी पास झाली. ते पण बालगृहच आहे न मॅडम.

निवृत्त_अधीक्षक

मी ३१ वर्षे महिला व बालविकास खात्याशी संबंधित संस्थांमध्ये काम केले. तीन-चार गोष्टी सांगतो, टायपिंग सावकाश आहे.

ताई, सर्वांनी फोस्टर की संस्था यावर लिहिले. आजीचे कोणी विचारले नाही. माझ्या हाताखालून गेलेली बहुसंख्य मुले अनाथ नव्हती. आई आहे पण धुणीभांडी करते, वडील दारूत गेले, आजी आहे पण पेन्शनवर दोघांचे भागत नाही. म्हणजे घर होते, फक्त घरात पैसा नव्हता, आणि तेवढ्यासाठी लेकरू संस्थेत. अशांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता तिला सावित्रीबाई फुल्यांचे नाव दिले आहे, दरमहा २,२५० रुपये. पूर्वी ११०० होते, त्याआधी ४२५. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल स्वतःच्याच घरी राहावे म्हणून, दरमहा ४,००० मिळतात, फोस्टरलाही तेवढेच. म्हणून पहिला प्रश्न हा की आजीला हातभार मिळाला आणि तुमच्यासारखे कोणी पाठीशी राहिले, तर मुलगी आजीजवळ राहू शकते का. समिती हेच आधी विचारेल. विचारले नाही तर तुम्ही सुचवा.

तसे होत नसेल तर फोस्टरचा अर्ज जरूर करा. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा किंवा दत्तकाच्याच केंद्रीय पोर्टलवर करा, २०२४ पासून तिथे फोस्टरचीही नोंदणी होते. गृहभेट होईल. भेटीला येणारी व्यक्ती फ्लॅट किती मोठा हे पाहत नाही, पोरगी झोपणार कुठे, सासूबाईंचे मत काय, मुलाला सांगितले का, हे पाहते. सासूबाईंना पढवून ठेवू नका, त्या जे म्हणतील ते म्हणू द्या. मुलीचे मत स्वतंत्रपणे घेतले जाते. आणि लक्षात ठेवा, कोणते मूल कोणाकडे हे समिती ठरवते. तीन वर्षांची ओळख तुमच्या बाजूने आहे, पण हक्क म्हणून मागू नका.

आई बरी झाली तर मुलगी जाऊ शकते. कायद्यात तसेच आहे, आईवडिलांना भेटायला येता येते आणि समितीला ते सांभाळण्यास योग्य वाटले तर मूल परत. तुमच्या सासूबाई बरोबर बोलल्या. माझ्या पाहण्यात अशी गेलेली एक मुलगी फोस्टर आईकडे अजून दर दिवाळीला दोन पेट्या संत्री घेऊन येते, तिच्या स्वतःच्या आईला सोबत घेऊन. सगळ्यांचे असे होत नाही. एका घरात तर त्या बाई दोन वर्षे आजारी पडल्या, तेही पाहिले.

फिटर साहेब, तुमच्या काकांसारखी माणसे संस्थेत असतात, पण त्यांची बदली झाली, पगार थकला, संस्था बंद पडली की पोरे पुन्हा उघडी पडतात. हे मी खुर्चीत बसून पाहिले आहे. माझीच तीनदा बदली झाली.

स्पष्ट_बोलतो_धंतोली

साहेब हे आजीचं पटलं. माझ्या त्या दोन केसबद्दल आता वाईट वाटून राहिलं, १०९८ चं तेव्हा डोक्यातच आलं नाही. एक पोरगी अजून त्याच घरात आहे बहुतेक. आजच फोन करतो.

काटोलरोडची_काकू

करा दादा, वाट नका पाहू.

ताई, चार हजारावर बजेट बांधू नका बरं, ते कधी तीन महिन्यांनी एकदम येतात. पोरीच्या नावानं खातं काढून त्यातच पडू द्या.

मनीषनगरची_ताई

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहून राहिली. तुम्हा सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं, काकूंच्या ग्लासावर तो हसला आणि फिटर दादांच्या प्रश्नावर गप्प बसला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता म्हणे, "पळाली तरी ठेवू."

मॅडमना विचारून त्यांच्यासोबत आजीकडे जाऊन आले. मोतीबिंदू आहे, एकटीच राहते, हातपाय थरथरतात. २,२५० चं सांगितलं तर म्हणते, "पैशाचं नाही बाई, रात्री मले काही झालं तं लेकरू एकलं राहीन." पण म्हणाली की उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आणि पोळ्याला पोरगी तिच्याकडे पाहिजे, हे लिहून घ्या. मी म्हटलं लिहून घेऊ. आईला अजून भेटता आलं नाही, ती दवाखान्यात आहे, डॉक्टर म्हणाले थोडं थांबा. सासूबाई अजूनही नाहीच म्हणून राहिल्या, पण काल मला न सांगता मुलाच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, विचारलं तर म्हणे झुरळं झाली होती.

पोरीला अजून काहीच बोललो नाही, साहेब म्हणाले तसं समितीच्या आधी आशा लावायची नाही. रविवारी अपूर्णांक शिकवले. कठीण जाऊन राहिले तिला.

सोमवारी अर्ज द्यायला जाणार. कागद काय काय न्यायचे?

निवृत्त_अधीक्षक

दोघांचे आधार, पत्त्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घरूनच करून न्या. अकरानंतर जा. पोलीस पडताळणी ते सांगतील तेव्हा. आजीने जे सुट्ट्यांचे सांगितले ते अर्जासोबत वेगळ्या कागदावर लिहून, आजीचा अंगठा घेऊन जोडा.

बुटीबोरीचा_फिटर

ताई अपूर्णांकाचं पोळीवर समजावून सांगा, चार तुकडे करून. काका तसंच शिकवायचे.